घरातील वडील माणसांचा वाढदिवस



इतिहासाच्या तासाला तुम्हांस सनावळी पाठ करावी लागते. सीताबर्डीची लढाई केव्हा झाली असे विचारताच अगदी मागच्या बाकावरचा मुलगाही '२६ व २७ नोव्हेंबर १८१७' असे उत्तर देतो. आणि ते योग्यच आहे, कारण ज्या टेकडीवर ती लढाई झाली ती आपणांस रोज जाता-येता दिसते. परंतु एके दिवशी मी वर्गात मुद्दाम निराळा प्रश्न विचारला : "तुमच्या आजीचा जन्म कोणत्या दिवशी झाला?" वर्ग स्तब्ध झाला. घरी विचारून या, असे मी सांगितले. दुसऱ्या दिवशी जी उत्तरे आली त्यांत एक मौज होती. कोणाच्या आजीचा जन्म १ जुलैचा, कोणाच्या आजोबांचा १ जूनचा, तर कोणाच्या घरी आजी-आजोबा दोघेही १ जुलैचेच! जणू काय वर्षाच्या बाकीच्या दिवशी त्या काळी मुले जन्मासच येत नव्हती. सगळा वर्ग हसला. मीही हसलो, तथापि त्या हसण्यात माझ्या मनाला एक बोच होती. तिचे कारण पुढे सांगेन. आधी ही तारीख आली कोठून ते पाहू.

पूर्वी खेड्यापाड्यांत बाप मुलाला शाळेत घालावयास घेऊन येई, तेव्हा जन्मतारीख विचारली असता 'पोळ्याच्या आगेमागे झाला', 'गावात पटकी आली त्या साली झाली', असे उत्तर मिळे. रजिस्टरातील रकाना तर भरावयास हवा. मग गुरुजी मुलाला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरावयास सांगत. कान हाती लागला की मूल शाळेत येण्याजोगे झाले असे समजून, अदमासाने वर्ष धरून, शाळा सुरू होण्याच्या सुमाराची एखादी तारीख टाकीत. तीच तारीख पुढे दाखल्यावर गेली, दाखल्यावरून नोकरीच्या सेवापुस्तकात गेली, आणि अखेरीस आधार कार्डावर येऊन बसली.

याचा अर्थ त्या काळी नोंदी मुळीच होत नव्हत्या, असा नव्हे. आपल्या विदर्भात गावचा कोतवाल जन्ममृत्यूची खबर देत असे. त्या जुन्या नोंदींना लोक अद्यापि 'कोतवाल बुक' म्हणतात, व त्यांच्या नकला काढण्यासाठी तहसील कचेरीत खेपा घालतात. पुष्कळ हिंदू घरांत जन्मपत्रिका असे. ख्रिस्ती मंडळीत बाप्तिस्म्याची वही असे, व तीत मुलाचे नाव, आईबापांची नावे, जन्माचा दिवस व बाप्तिस्म्याचा दिवस ही पाळकांच्या हातची लिहिलेली सापडतात. परंतु ही व्यवस्था सर्वत्र सारखी नव्हती. जन्म व मृत्यू यांच्या नोंदणीसंबंधी साऱ्या देशास लागू असा कायदा १९६९ साली झाला. म्हणजे आज ज्यांचे वय सत्तरीच्या पुढे आहे ते सर्व या कायद्यापूर्वी जन्मलेले होत. त्यांची खरी तारीख कागदावर असेलच असा भरवसा नाही. ती शोधावी लागते.

आता कोणी म्हणेल, तारखेचे एवढे काय? याचे उत्तर असे की, मनुष्याच्या आयुष्यात काही वर्षे मैलाच्या दगडांसारखी मानण्याची चाल पुष्कळ देशांत आहे. आपल्याकडे साठ वर्षे पुरी झाली म्हणजे षष्ट्यब्दिपूर्ती करितात. पंचांगातील प्रभवापासून क्षयापर्यंतच्या संवत्सरांचे चक्र साठ वर्षांचे असल्यामुळे, ज्या नावाच्या संवत्सरात मनुष्य जन्मला तेच संवत्सर त्या वेळी पुन्हा येते. चीनमधील जुन्या कालगणनेतही असेच साठ वर्षांचे चक्र आहे. म्हणून जपान व कोरिया या देशांतही साठावे वर्ष विशेष मानितात. जपानात अठ्ठ्याऐंशीव्या वर्षाचेही मोठे कौतुक आहे. त्याचे कारण मौजेचे आहे : त्यांच्या लिपीत अठ्ठ्याऐंशी या संख्येची चिन्हे जुळवून ठेविली असता तांदूळ या शब्दाचे चिन्ह होते. आपल्याकडे पंचाहत्तरीस अमृतमहोत्सव म्हणतात, आणि त्यापुढचा मान सहस्रचंद्रदर्शनाचा.

हे सहस्रचंद्रदर्शन कितव्या वर्षी यावे, हे गणिताने काढून पाहण्यासारखे आहे. एका पौर्णिमेपासून दुसऱ्या पौर्णिमेपर्यंत सरासरी २९.५३०६ दिवस जातात. त्यांस १००० ने गुणिले असता २९,५३०.६ दिवस होतात. वर्षाचे ३६५.२५ दिवस धरिले तर ८० वर्षांचे २९,२२० दिवस झाले. बाकी राहिले सुमारे ३१०, म्हणजे दहा महिने. म्हणून ८० वर्षे व १० महिने या वयास मनुष्याच्या आयुष्यात हजार पौर्णिमा होऊन जातात. पंचांगाच्या रीतीनेही ताळा पाहता येतो. १९ वर्षांत ७ अधिकमास येतात. त्या मानाने ८० वर्षांत एकोणतीस-तीस येतील. ८० वर्षांचे साधे महिने ९६०. दोहोंची बेरीज ९८९ किंवा ९९०. हजारास उणे राहिलेले दहा-अकरा महिने मिळविले की उत्तर तेच. आपल्या पूर्वजांनी ही खूणगाठ बांधून ठेविली होती, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

परंतु नुसती संख्या म्हणजे वाढदिवस नव्हे. या संबंधात महाराष्ट्रातील एका थोर पुरुषाचे उदाहरण सांगतो. गेल्याच्या मागच्या शतकात कोकणातील मुरूड गावचा एक विद्यार्थी परीक्षेस बसण्याकरिता डोंगरघाट ओलांडून साताऱ्यास पायी गेला. परीक्षेस सतरा वर्षांच्या वयाची अट होती. मुलगा शरीराने किरकोळ. तो सतरा वर्षांचा आहे हे परीक्षकांना पटेना. त्यांनी त्यास परीक्षेस बसू दिले नाही, व बिचारा आला तसा परत गेला. ज्याच्या वयावर कोणी विश्वास ठेविला नाही असा हा मुलगा म्हणजे धोंडो केशव कर्वे. पुढे १८९१ साली ते पुण्यास फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रमाच्या कार्यास आरंभ केला. आणि १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापिले. १८ एप्रिल १९५८ रोजी त्यांस शंभर वर्षे पुरी झाली, तेव्हा मुंबईस ब्रेबोर्न स्टेडियमवर मोठा समारंभ झाला व पंतप्रधान पंडित नेहरू त्यास उपस्थित राहिले. त्याच वर्षी त्यांस भारतरत्न ही पदवी मिळाली, व त्यांचे चित्र असलेले टपालाचे तिकीटही निघाले. स्वतंत्र भारतात हयात असलेल्या मनुष्याचे चित्र तिकिटावर येण्याचा तो पहिलाच प्रसंग. पुढे ९ नोव्हेंबर १९६२ रोजी महर्षी निवर्तले.

या समारंभास आलेल्या लोकांना त्या शंभर वर्षांत काय काय घडले हे ठाऊक होते. साताऱ्याची ती फजितीही लोकांना ठाऊक होती, कारण कर्व्यांनी १९१५ सालीच आपले 'आत्मवृत्त' लिहून ठेविले होते. आपल्या घरातील वडील माणसांनी मात्र असे पुस्तक लिहिलेले नसते. त्यांनी किती घाट पायी ओलांडिले, कोठून त्यांस रिक्तहस्ते परतावे लागले, हे विचारल्यावाचून कळत नाही. आणि आपण विचारीत नाही. माझ्या मनाला जी बोच लागली ती याच संबंधात.

माझी आई परिचारिका होती. लग्न होऊन ती १९७० साली सीताबर्डीवर राहावयास आली. त्याच वर्षी २९ नोव्हेंबर रोजी नागपुरात उत्तर भारतीय मंडळीची स्थापना झाली. त्या दिवशीच्या गर्दीची हकीकत ती अजून सांगते. तिच्या सर्व कागदांवर जन्मतारीख १ जुलै १९४७ अशी आहे. लहानपणापासून आम्ही भावंडे १ जुलैला साठविलेल्या पैशांचे पेढे आणीत असू, व ती आम्हांस जवळ घेऊन सर्वांना वाटीत असे. २०२२ साली तिला पंचाहत्तर वर्षे पुरी होणार म्हणून आम्ही दोघा भावांनी व बहिणीने मोठा बेत केला. सभागृह ठरविले, जेवणाचा मक्ता दिला, छापील निमंत्रणे काढिली. आमचे सहकारी, आमचे शेजारी, आमचे व्याही, मिळून दोनशे नावांची यादी झाली. आईला आम्ही एकही प्रश्न विचारला नाही. तिला चकित करावयाचे होते ना!

त्याच वर्षी फेब्रुवारीतील एका रविवारी उपासनेहून परत आल्यावर आई मला म्हणाली, "आज मला जरा पारडीकडे मावशीकडे नेऊन सोडशील का रे?" या मावशी म्हणजे आईच्या प्रशिक्षणाच्या काळातील मैत्रीण. दोन वर्षांपासून त्या अंथरुणास खिळल्या होत्या. साथीच्या रोगानंतर शाळा नुकत्याच पुन्हा भरू लागल्या होत्या; माझ्यापुढे उत्तरपत्रिकांचा ढीग होता. मी म्हणालो, "आई, परीक्षा आटोपू दे. आणि जुलैत तर त्यांना आपण गाडी पाठवून आणणारच आहो." जुलैत काय आहे, हे तिने विचारले नाही. "बरं, राहू दे," एवढेच म्हणाली, व आत जाऊन बराच वेळ फोनवर बोलत बसली.

मे महिन्याच्या उन्हाळ्यात मावशी वारल्या.

त्यानंतर आईचे चित्त कशात लागेना. जूनमध्ये निमंत्रणे वाटण्याची वेळ आली तेव्हा आमचा बेत तिच्या कानावर घालावाच लागला. तिने यादी वाचली व चष्मा काढून ठेविला. मग हळूच म्हणाली, "यात माझं कोण आहे?" आम्ही निरुत्तर झालो. थोड्या वेळाने ती म्हणाली, "आणि माझा वाढदिवस जुलैत नाही, बाळा. तो फेब्रुवारीत होऊन गेला."

त्या संध्याकाळी प्रथमच आम्ही तिला विचारीत गेलो व ती सांगत गेली. चौथीत असताना तिने आणे-पैचे हिशोब मोठ्या कष्टाने पाठ केले होते, आणि वार्षिक परीक्षेच्या तोंडावर नवे पैसे सुरू झाले. सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला तो १ एप्रिल १९५७ रोजी. म्हणजे चौथीतील दहा वर्षांच्या मुलीचे जन्मवर्ष १९४७ हे जुळते. तिचे माहेर काटोलकडचे. तिची आई सांगत असे की, 'तू झालीस तेव्हा मृगबहाराची संत्री उतरत होती.' मृगबहाराचे फळ फेब्रुवारी-मार्चमध्ये उतरते. म्हणजे जुलै हा महिना असूच शकत नाही. आणि दिवस? प्रशिक्षणाच्या काळात एकदा ती व मावशी पाळकांकडे गेल्या होत्या, आणि बाप्तिस्म्याच्या वहीत दोघींनी मिळून तो शोधून काढिला होता : २० फेब्रुवारी. तेव्हापासून दरवर्षी त्या दिवशी दोघी महाराजबागेत जात व एका झाडाखाली बसून संत्री खात. पाय चालेनासे झाले तेव्हा आई मावशीच्या घरी संत्री घेऊन जाऊ लागली. हा दिवस जगात फक्त त्या दोघींना ठाऊक होता.

मी भिंतीवरील जुन्या दिनदर्शिकेची पाने मागे उलटली. तो उत्तरपत्रिकांचा रविवार २० फेब्रुवारीचाच होता.

"मग आम्हांला कधी सांगितलं का नाहीस?" माझ्या बहिणीने विचारिले. आई म्हणाली, "कागदावर जुलै, पेन्शनीत जुलै. आणि तुम्ही एवढीएवढी असताना पेढे घेऊन यायचात. तो दिवस खोटा आहे असं कसं सांगू?"

आम्ही सभागृह रद्द केले. इसाऱ्याचे पैसे बुडाले, त्याचे दुःख नाही. आईला कागद-पेन्सिल दिली व तिची यादी तिलाच करावयास सांगितली. तिने अकरा नावे लिहिली. त्यांतील चार माणसे आम्हांस ठाऊक होती. १ जुलैला, आमच्या पेढ्यांचा मान म्हणून, सकाळी दहा वाजता ती मंडळी आमच्या सीताबर्डीच्या घरी जमली. तिघांना आम्ही गाडीने आणिले. जेवण आईच्या सांगण्याप्रमाणे गोळाभात व कढी. भाषणे झाली नाहीत. मावशींची मुलगी आली होती. तिने आपल्या आईची एक जुनी वही आणिली होती, व तीत प्रत्येक वर्षीच्या २० फेब्रुवारीस एक-दोन ओळी लिहिलेल्या होत्या. आईने ती वही वाचून दाखविण्यास मला सांगितले. मी शिक्षक आहे. वर्गात पाठ वाचून दाखविणे हा माझा रोजचा व्यवसाय आहे. परंतु ती वही वाचताना मला दोन वेळा थांबावे लागले.

मित्रांनो, माझ्या हातून जी चूक झाली ती तुमच्या हातून होऊ नये, एवढ्याचसाठी ही घरगुती गोष्ट येथे लिहिली. आता तिच्यापासून निघणारा व्यवहाराचा धडा थोडक्यात सांगतो.

पहिली गोष्ट, वय शोधण्याची रीत. आधी वर्ष काढावे, मग ऋतू, मग दिवस. वर्षासाठी सार्वजनिक घटना धराव्या. नवे पैसे आले (१९५७) तेव्हा तुम्ही कितवीत होता? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्या दिवशीची गर्दी आठवते काय? त्याच वर्षीच्या १ नोव्हेंबरला नागपूरची राजधानी गेली, किंवा १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले, तेव्हा घरी काय बोलणे चालले होते? ऋतूसाठी पीक, सण व पाऊस यांविषयी विचारावे. दिवसासाठी कोतवाल बुक, बाप्तिस्म्याची वही, जन्मपत्रिका ही पाहावी. यांतील काहीच न मिळाले, तर वडील माणसांना आवडेल तो दिवस धरावा. त्यात कमीपणा नाही.

दुसरी गोष्ट, निमंत्रणाची. ज्यांचा वाढदिवस त्यांनाच यादी करू द्यावी. ज्यांना येता येत नाही त्यांच्याकडे आपण त्यांना घेऊन जावे, आणि हे काम पुढे ढकलू नये. वृद्ध माणसांचे स्नेही वृद्धच असतात.

तिसरी, समारंभाची. वेळ दिवसाची ठेवावी, कारण रात्री दिसत नाही व जागरण सोसत नाही. बसावयास पाठीची खुर्ची द्यावी. ध्वनिवर्धकाचा गोंगाट नको. ज्यांना कमी ऐकू येते त्यांना गोंगाटात काहीच ऐकू येत नाही. जेवणात त्यांच्या दातांना व प्रकृतीला मानवेल असे, आणि त्यांच्या बालपणाची आठवण देणारे काहीतरी असावे.

चौथी, लिहिण्याची. त्या दिवशी घरातील एका मुलाने वही घेऊन जवळ बसावे व वडील माणसे जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत उतरून घ्यावे. भेटवस्तू कपाटात राहतात. ही वही तुमची मुले वाचतील.

आईबापांचा मान राखावा ही आज्ञा पवित्र शास्त्रातील दहा आज्ञांपैकी पाचवी होय, आणि कोणत्याही धर्मात तिचा विरोध नाही. सरकारने २००७ साली आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा कायदा केला. जी मुले आईबापांना टाकून देतात त्यांच्याकडून या कायद्याने निर्वाहाची रक्कम मिळविता येते. हा कायदा हवा, व तो चांगला आहे. परंतु रविवारच्या दुपारी 'मला जरा नेऊन सोडशील का?' या प्रश्नाला उत्तर काय द्यावे, हे कोणत्याही कायद्याने ठरवून देता येत नाही. ते ज्याचे त्यानेच द्यावयाचे असते.

पालकांसही एक विनंती आहे. आपल्या वडिलांचे कौतुक मुलांसमक्ष करा. मुलांना पाठ द्यावा लागत नाही. ती घरात पाहतात व तसे वागतात.

सुट्टीतील अभ्यास म्हणून प्रत्येक विद्यार्थ्याने घरातील सर्वांत वडील माणसाचे जन्मवर्ष, ऋतू व दिवस वरील रीतीने शोधून काढावे, व त्यांच्या हजार पौर्णिमा कोणत्या महिन्यात पुऱ्या होतात याचे गणित करावे. मी माझ्या आईचे केले आहे. २० फेब्रुवारी १९४७ पासून २९,५३० दिवस मोजिले असता उत्तर २०२७ सालच्या नाताळच्या आठवड्यात येते. हे उत्तर आईला सांगितले, आणि या खेपेस कोणाला बोलवावयाचे, हे आधी तिलाच विचारिले. तिने यादी करावयास घेतली आहे.